परीक्षकाचीही परीक्षा

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला की प्रथम त्याची शून्यत्रुटी पाहावी, हे तुम्ही शिकला आहात. मापकच सदोष असेल तर मापनावर विश्वास कसा ठेवायचा? संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच एक मापक असते. ते म्हणजे चाचणी-आज्ञावली. मूळ आज्ञावली बरोबर उत्तरे देते की नाही, हे ती तपासते.

आज्ञावली कशी लिहावी याचे काही संकेत असतात. पायथन या भाषेसाठी ते २००१ साली ‘पेप ८’ या नावाने मांडले गेले. ओळ आत सरकवताना ४ जागा सोडाव्यात, ओळ ७९ अक्षरांहून लांब नसावी, हे त्यांतलेच. संकेत व इतर ढोबळ चुका तपासणाऱ्या तयार आज्ञावल्याही मिळतात. पण पुष्कळजण ही तपासणी मूळ आज्ञावलीपुरतीच ठेवतात. चाचण्यांना त्यातून सूट देतात. त्याने काय बिघडते?

समजा, सेल्सियसचे फॅरनहाइट करणारी आज्ञावली आपण लिहिली. दोन चाचण्या ठरवल्या: १०० दिले तर २१२ यावेत आणि उणे ४० दिले तर उणे ४०च यावेत. पहिली चाचणी लिहिली, तिची नक्कल करून आकडे बदलले, पण नाव बदलायचे राहिले. पायथनमध्ये एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन चाचण्या असल्या की नंतरची पहिलीची जागा घेते. पहिली चालतच नाही आणि संगणक तक्रारही करीत नाही!

आता मूळ आज्ञावलीत सूत्र घालायचेच राहिले आणि ती दिलेला आकडा तसाच परत करू लागली, तर? उणे ४०ला उणे ४० येतात. निकाल: ‘सर्व ठीक’. उकळते पाणी मात्र १०० अंश फॅरनहाइटवर आले!

पायफ्लेक्ससारखी तपासनीस आज्ञावली चाचण्यांवरही चालवली असती, तर ‘हे नाव पूर्वी येऊन गेले आहे’ असे तिने ओळीच्या क्रमांकासह सांगितले असते.

चाचणीची चाचणी सहसा कोणी लिहीत नाही. म्हणूनच ती नीटनेटकी व वाचताक्षणी कळेल अशी हवी. पुढच्या वेळी ‘सर्व ठीक’ दिसले की थांबा आणि पाहा: आपण लिहिल्या किती आणि चालल्या किती?