गोलैया येथील खापरांवरील लेख

उत्तर आफ्रिकेंत, हल्लींच्या लिबिया देशांत, बू न्जेम येथें रोमन सरहद्दीवरील एका ठाण्याचे अवशेष आहेत. त्याचें प्राचीन नांव गोलैया. इ. स. २०१ मध्यें, सेप्टिमियस सेव्हेरस बादशहाच्या कारकीर्दींत, तिसऱ्या ऑगस्टा सैन्यदलाच्या तुकडीनें तें वसविलें. तट व वेशी वाळूखालीं टिकून राहिल्या. परंतु संशोधकाचें खरें धन निराळेंच आहे. रने रेबुफा यांच्या उत्खननांत (१९६७-१९८०) शाईनें लॅटिन मजकूर लिहिलेलीं सुमारें दीडशें खापरें निघालीं. रॉबेर मारिशाल यांनीं तीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांचा काळ इ. स. २५३ ते २५९ हा होय.

शिलालेखांत बादशहाच्या पदव्या असतात. या खापरांत शिपायांची रोजची हजिरी आहे. वेशीवर कोण, आजारी कोण, स्नानगृहांत कोण, हें त्यांत नोंदलें आहे. वाळवंटांतील गरामंत लोक खेचरें व गाढवें घेऊन, जव लादून आले, अशीहि एक वर्दी आहे. सरहद्दीचें ठाणें केवळ शत्रूस अडवीत नसे, येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजरहि ठेवीत असे, हें या फुटक्या खापरांनींच दाखविलें.

आपल्याकडील रुमालांतून हजिऱ्या व फुटकळ चिटोरीं रद्दी म्हणून काढून टाकणारांनीं हें ध्यानीं घ्यावें. सनदेइतकीच हजिरीहि जतन करण्याजोगी असते.