धाबे, क्वार्टर आणि घरकुल : पुणतांबा परिसरातील घराच्या इंग्रजी शब्दांचा मागोवा

गोदावरीकाठचे पुणतांबा हे चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना आणि दौंड–मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे प्रवाशांना परिचित असलेले गाव आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील या परिसरात घर आणि साधी ग्रामीण राहणी यांच्याशी निगडित इंग्रजी शब्द कोणकोणत्या वाटांनी आले, याचा गेल्या सुमारे दोनशे वर्षांचा मागोवा घेतला, तर शाळेच्या पुस्तकातून शिकवलेले शब्द बहुतांशी परीक्षेपुरते राहिले आणि रेल्वे, पाटबंधारे, साखर कारखाने व सरकारी योजना यांच्या व्यवहारातून कानावर पडलेले शब्द मात्र घरात कायमचे वस्तीला आले, असे दिसून येते.

या परिसरातील जुने घर कसे होते, हे आधी पाहावे लागते, कारण इंग्रजी शब्द शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे तेच घर होते. गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ आणि पिकाऊ जमिनीला ‘काळी’ म्हणण्याची रीत सर्वश्रुत आहे. घराच्या भिंती आणि छप्पर याच पांढरीच्या मातीचे असत. लाकडी तुळयांवर किलचन, म्हणजे आडव्या फळ्या किंवा चिपा, अंथरून त्यावर पालापाचोळा आणि मग पाणी न झिरपू देणारी चिकण पांढरी किंवा खारी माती दाबून बसवली की सपाट धाबे तयार होई, आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर द्यावा लागे. धूर बाहेर जाण्यासाठी आणि उजेड आत येण्यासाठी धाब्याला ठेवलेले भोक म्हणजे साणे, आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकणारी नळी म्हणजे पन्हाळ. आत ओसरी, माजघर, दिवा ठेवायची देवळी, भिंतीलगत धान्य साठवायची बळद, एकावर एक मडकी रचलेली उतरंड आणि आढ्याला टांगलेले शिंके, असा हा सारा संसार होता. यांतील अनेक वस्तूंना इंग्रजीत एका शब्दाचे नाव नाही.

ही अडचण सर्वांत आधी ओळखली ती कोशकारांनी. जेम्स टॉमस मोल्सवर्थ याचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. या कामात जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू आणि शब्द गोळा करणारे मराठी पंडित यांचा मोठा वाटा होता. घराच्या अवयवांची नावे आली की अशा कोशात इंग्रजी प्रतिशब्द देऊन थांबता येत नाही; ती वस्तू कशाची केलेली असते, घरात कोठे असते आणि कशासाठी वापरतात, हे इंग्रजी वाक्यांत उलगडून सांगावे लागते. परक्या भाषेत स्वतःचे घर सांगण्याची हीच खरी पद्धत होय, आणि पुढच्या शालेय पुस्तकांनी ती उचलली नाही, ही या मागोव्यातील सर्वांत खेदाची बाब आहे. जेम्स कँपबेल याच्या संपादनाखाली १८८४ मध्ये निघालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही, म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथालाही, इथले राहणीमान इंग्रजीत सांगताना वर्णनाचाच आधार घ्यावा लागला.

दरम्यान १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि शब्दांची दुसरी वाट उघडली. स्टेशन, प्लॅटफॉर्म, वेटिंग रूम, क्वार्टर, गेट हे शब्द कोणी शिकवले नाहीत. ज्याला गाडी पकडायची होती किंवा रेल्वेत नोकरी करायची होती, त्याने ते आपोआप आत्मसात केले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा यांच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे वाहू लागले, तेव्हा ‘कॅनॉल’ आणि ‘रोटेशन’ हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आले. पाण्याची पाळी किंवा आवर्तन म्हणण्यासाठी ‘रोटेशन’ हा शब्द या पट्ट्यात आजही सहज वापरला जातो. पाटपाण्यामुळे अनेक कुटुंबे गावठाण सोडून मळ्यातल्या वस्तीवर राहायला गेली, आणि घराबरोबर घराची भाषाही बदलली. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, पुणतांब्याजवळच्या चांगदेवनगरचा कारखाना आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला सहकारी कारखाना यांनी या बदलाला गती दिली. साहेबाचा बंगला, कारकुनाचे क्वार्टर आणि मजुरांची चाळ ही कारखान्याच्या वसाहतीची रचना मुळात हुद्द्यांची होती. त्यामुळे इंग्रजी शब्दांसोबत घरांची उतरंडही, या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने, लोकांच्या मनात ठसली. जमीन कमाल मर्यादा कायद्यानंतर कारखान्यांकडील जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, तरी वसाहतींतील शब्द मागे राहिले.

शाळेची वाट याच काळात समांतर चालली होती. पुण्यात १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या प्रयत्नांतून ‘न्यू इंग्लिश स्कूल’ निघाले, आणि हेच नाव पुढे महाराष्ट्रातील असंख्य खेड्यांतील माध्यमिक शाळांनी धारण केले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत नेण्याचा तिचा सराव भक्कम होता, हे मान्य करावे लागते. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात खालच्या इयत्तांतून इंग्रजी वगळले गेले, महाराष्ट्र राज्य झाल्यावर पाचवीपासून इंग्रजीचा परिपाठ रूढ झाला, १९६७ मध्ये बालभारती संस्था स्थापन झाली आणि २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे झाले. धोरणे अनेकदा बदलली, परंतु घराच्या शब्दांचा मूळ साचा फारसा हलला नाही. ‘हाऊस’ म्हटले की उतरते छप्पर, धुराडे, समोर कुंपण आणि फुलझाडे असलेले चित्र मुलापुढे आले, आणि खेड्यातील घरासाठी ‘हट’ हा एकच शब्द पुढे करण्यात आला. हट म्हणजे झोपडी. चौसोपी वाडा असो की भक्कम धाब्याचे घर असो, ते झोपडी नव्हे, हे मुलाला ठाऊक असते, पण ते सांगण्यासाठी लागणारे इंग्रजी त्याला दिलेलेच नसते. हा दोष किरकोळ नाही. ज्या शब्दाने स्वतःच्या घराचा अपुरा परिचय होतो, तो शब्द पाठ केल्याने मुलाचा भाषेवरचा विश्वास वाढत नाही.

सरकारी कागदांनी यावर एक वेगळाच तोडगा काढला. जनगणनेत घराचे छप्पर आणि भिंती कशाच्या आहेत याची नोंद होते, आणि अशा नोंदींच्या इंग्रजीत ‘कच्चा’ व ‘पक्का’ हे इथलेच शब्द मान्यता पावले. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी आली, तेव्हा घराचे किमान क्षेत्रफळ, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौरस मीटर ठरले. मराठीत या घराला ‘घरकुल’ म्हणतात, आणि ते मंजूर करून घेताना लाभार्थ्याला हप्ता, जिओटॅग, स्लॅब आणि टॉयलेट हे शब्द अर्थासह कळावे लागतात, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. अलीकडे शिर्डीकडे जाणारा रेल्वेफाटा २००९ मध्ये पुणतांब्याहून सुरू झाल्यावर तिथल्या लॉजच्या पाट्यांवरचे अटॅच्ड, डॉर्मिटरी आणि चेक-आउट हे शब्द तिथे नोकरी करणाऱ्या तरुणांना सहज आले आहेत.

व्यवहाराने शिकवलेले शब्द टिकाऊ असले तरी ते विकत घेतलेल्या वस्तूंचे आणि दुसऱ्याने बांधलेल्या घराचे शब्द आहेत. बळद, साणे, देवळी यांना त्यात जागा नाही, आणि स्लॅबच्या घरात या वस्तू उरतही नाहीत. म्हणून पुणतांब्यासारख्या गावातील शाळेने मुलांना परिसरातील एखाद्या जुन्या धाब्याच्या घरात नेऊन, साणे कोठे आहे, किलचन कशाचे आहे, माती कोणत्या महिन्यात चढवतात, हे घरातील वृद्धांना विचारायला लावावे आणि मग प्रत्येक वस्तूसाठी एकेक साधे इंग्रजी वाक्य लिहून घ्यावे. पन्हाळीसाठी, उदाहरणार्थ, छपरावरचे पाणी खाली भिंतीवर न पडू देणारी नळी, एवढे वाक्य पाचवीच्या मुलालाही जमते, आणि त्यात रूफ, वॉटर, वॉल, पाइप असे चार शब्द एकाच वेळी उपयोगात येतात. ही धाबी वर्षागणिक ढासळत आहेत, आणि पावसाआधी त्यांवर माती चढवण्याचे ज्ञान असलेले हातही कमी होत आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या पिढीवर सोपवता येणार नाही.