विमान छोटे, नियम कडक

नागपूर : दोन हातांत सहज धरता येईल असे विमान शर्यतीत उतरले, की प्रेक्षक त्याच्या वेगाकडे पाहतात, परीक्षकांची नजर मात्र आधी त्याच्या प्रोपेलरकडे जाते. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असलेल्या नागपुरात एनसीसीचे २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन आहे. एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रसैनिकांना विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचे व उडविण्याचे शिक्षण दिले जाते. त्यामुळे प्रोपेलरचे नियम कोणते आणि ते कशासाठी, हे शहरातील पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम १९०५ मध्ये स्थापन झालेली एफएआय ही संघटना ठरविते. धातूची पाती असलेला प्रोपेलर आणि दुरुस्त केलेला प्रोपेलर या दोहोंना स्पर्धेत बंदी आहे. लाकूड, काचतंतूयुक्त नायलॉन किंवा कार्बन फायबर यांचाच वापर होतो.

या बंदीचे कारण साध्या गणितात आहे. शर्यतीच्या विमानाचा १८ सेंटीमीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला ३० हजार फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या घरात जातो. त्या टोकाशी असलेले अवघे १ ग्रॅम वजन मुळावर सुमारे ९० किलो भाराएवढा ताण देते. डिंक लावून सांधलेले पाते हा ताण सोसेल याची खात्री कोण देणार? धातूचे पाते वजनाने जड असते. कंपनांनी त्याला बारीक तडे जाऊ शकतात आणि ते तुटले, तर तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

दोरीच्या साह्याने होणाऱ्या ‘टीम रेस’मध्ये हा धोका अधिक जवळचा असतो. १५.९२ मीटर लांबीच्या तारांना बांधलेली तीन विमाने एकाच वर्तुळात १०० फेऱ्या, म्हणजे १० किलोमीटर अंतर कापतात. इंधन संपत आले, की इंजिन बंद करून विमान उतरविले जाते. वर्तुळाच्या कडेला बसलेला मेकॅनिक ते पकडतो, इंधन भरतो आणि प्रोपेलरला बोटाने झटका देऊन इंजिन पुन्हा सुरू करतो. सारे काही मोजक्या सेकंदांत घडते.

नियमांचा दुसरा हेतू समान संधीचा आहे. ‘९ बाय ६’ असा आकडा असलेल्या प्रोपेलरचा व्यास ९ इंच असतो आणि एका फेऱ्यात तो तत्त्वतः ६ इंच पुढे सरकतो. या दुसऱ्या आकड्याला पिच म्हणतात. सायकलच्या गिअरप्रमाणे पिच वाढली, की वेग वाढतो. पण उड्डाणाच्या प्रारंभी इंजिनावर भार पडतो. म्हणूनच काही नवोदित गटांत सर्वांना बाजारात मिळणारा, काहीही फेरफार न केलेला प्रोपेलर वापरावा लागतो. पैशापेक्षा कौशल्याला महत्त्व मिळावे, हा त्यामागील विचार.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. पारा ४५ अंशांवर गेला, की येथील हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते. ओढ कमी पडते आणि मोठा प्रोपेलर लावण्याचा मोह होतो. अशा वेळी उत्पादकाने दिलेली फेऱ्यांची मर्यादा पाहणे अत्यावश्यक ठरते.

स्पर्धा असो वा सराव, उड्डाणापूर्वी पात्यावरून नजर फिरवावी, बारीकसा तडा दिसला तरी प्रोपेलर टाकून द्यावा आणि इंजिन सुरू असताना त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. नवा प्रोपेलर काहीशे रुपयांत मिळतो. गमावलेले बोट किंवा डोळा परत मिळत नाही.