पैसा कुणाचाही, ठराव गावाचा

वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एवढंच ते यंत्र. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती पडतात ते मोजावं लागतं. गडचिरोलीच्या खेड्यांतल्या सुइणींची नजर पक्की, हात अनुभवी, पण साठपर्यंत आकडे मोजायची वेळ आली की गाडी अडायची. म्हणून 'सर्च' संस्थेत हे श्वासमापक तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर औषध सुरू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, मोठ्या बाळासाठी दुसरी. कारण धोक्याचा आकडा लहानग्याला ६० आणि मोठ्याला ५०.

'सर्च' उभी करणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि गडचिरोलीत येऊन बसले, ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. जिल्हा तेव्हा नुकताच, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून वेगळा झाला होता. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. गावातलीच एक बाई शिकवून तयार करायची; तिनं बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घ्यायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई म्हटल्यावर अनेक डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: शेजारच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

या प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्यांत फोर्ड फाउंडेशन आणि मॅकआर्थर फाउंडेशन ही दोन अमेरिकी नावं होती. एकीकडे डेट्रॉइटच्या मोटारी, दुसरीकडे शिकागोचा विम्याचा धंदा. तिथला नफा फिरत फिरत धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या खेड्यात बाळाच्या उशापाशी पोचला. जगभरच्या देणगीदारांच्या बैठकांत आज ज्याला व्यवस्थाबदलासाठीचं दान म्हणतात, त्याचं यापेक्षा नेमकं उदाहरण सापडणं कठीण. कारण पैसा ३९ गावांत संपला नाही. २००८ मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये याच धर्तीवर झालेल्या चाचणीत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र सरकारनं हे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवलं. आज आशाताई बाळंतिणीच्या दारात उभी राहते, तेव्हा तिच्या कामाला कुठल्याही फाउंडेशनचा पैसा लागत नाही. देणगीदार बाजूला झाला तरी काम चालू राहिलं, हीच त्या देणगीची खरी कमाई.

पण एक प्रश्न उरतोच. काय करायचं हे ठरवलं कुणी? फोर्ड फाउंडेशननं २०१५ मध्ये जाहीर केलं की यापुढे आपलं सारं लक्ष विषमतेवर असेल. मॅकेन्झी स्कॉट या अब्जाधीश बाईंनी २०२० पासून अब्जावधी डॉलर वाटले, तेही कशावर खर्च करा ही अट न घालता. दानापेक्षा न्याय मोठा, अशी भाषा आता श्रीमंतांच्या तोंडीही रुळली आहे. भाषा चांगलीच आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीला मात्र ती पाऊणशे वर्षं जुनी वाटते.

१९५१ मध्ये बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर गेले तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि खिशात १४ रुपये. भीक घालून माणूस उभा राहत नाही, काम दिल्यानं राहतो, हा बाबांचा हट्ट. माळ पिकू लागला, भाजीपाला उरू लागला, तो वरोऱ्याच्या बाजारात न्यावा तर घेणार कोण? महारोग्याच्या हातची वांगी! पन्नाशीच्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी स्वयंसेवक बाबांच्या या वसाहतीत, आनंदवनात, राबायला आले. ते भिंती बांधायचे आणि तिथलीच भाजी खायचे. गोऱ्यांना काही झालं नाही हे पाहून गावानं भाजी घ्यायला सुरुवात केली, असं सांगतात. जागतिक बंधुत्वाचा हा एक जरा खट्याळ उपयोग. पुढे १९६४ मध्ये याच आनंदवनानं वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय काढलं. ज्यांच्या हातची भाजी गावाला नको होती, त्यांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या संस्थेनं गावाच्या पोरांसाठी कॉलेज बांधलं. देणारा कोण नि घेणारा कोण, याची अशी उलटापालट परदेशी फाउंडेशनांच्या अहवालात क्वचितच सापडते.

'सर्च'लाही ठरवण्याचा हा मुद्दा लवकर उमगला. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असं गावकऱ्यांनाच विचारलं, तेव्हा उत्तरं साधी होती: मोठ्या इमारतीत भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि दवाखान्यात देव नाही. म्हणून शोधग्राम या 'सर्च'च्या आवारातला दवाखाना आदिवासी गावासारखा सुट्या झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं, देवीही लोकांच्याच पसंतीची. दरवर्षी भरणाऱ्या आदिवासी आरोग्य संसदेत गावांनी कंबरदुखीचा विषय लावून धरला. आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या अग्रक्रमांत कंबर कुठे बसते? पण धानरोवणीत दिवसभर वाकून राहणाऱ्या बाईला विचारा.

तरीही माझ्या मते या भागातली सर्वांत मोठी देणगी कोणत्याही संस्थेनं दिलेली नाही. ती धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावानं दिली, आणि ती समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

ऐंशीच्या दशकात गोदावरी-इंद्रावतीवरच्या इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, त्यात बाबा आमटेही होते. त्याच मुशीतून मेंढ्याचे देवाजी तोफा घडले. जयप्रकाशांच्या संपूर्ण क्रांतीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल हे चंद्रपूरचे कार्यकर्ते 'वृक्षमित्र' संस्थेमार्फत गावाशी जोडले गेले. आडनाव टाकून आई-वडील दोघांचीही नावं लावणारा हा माणूस. मोहनभाऊंनी गावाला निधी आणून दिला नाही, अभ्यासाची सवय लावली. मेंढ्यात अभ्यासगट बसतो. त्यात बाहेरचा कुणीही येऊन बोलू शकतो, प्राध्यापक असो वा वनाधिकारी. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. वेळखाऊ प्रकार आहे खरा. तीन वर्षांच्या प्रकल्पाचं वेळापत्रक घेऊन येणाऱ्या देणगीदाराला तो परवडणारा नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही गावाची घोषणा भिंतीवर रंगवायला सोपी, पाळायला या बैठका लागतात.

बांबूचंच घ्या. गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जायचा. गावाच्या वाट्याला यायची ती तोडीची मजुरी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे त्यावर गावाचा हक्क. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण जुना १९२७ चा वन कायदा बांबूला झाड समजे आणि झाड हलवायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना हवा. हक्क गावाचा, परवाना खात्याचा, बांबू जंगलातच. कागदावरचा न्याय अडकतो तो बहुधा अशाच एखाद्या पावतीपुस्तकात. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि त्यांनी ते परवानापुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनंही याच वाटेनं आपलं जंगल सांभाळून बांबू विकला.

आणि मग २०१३. मेंढ्यानं १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. कसायची ज्याची त्यानं, पण बाहेरच्याला विकता येणार नाही. विनोबांच्या ग्रामदानाला उतरती कळा लागून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. जमिनीवरचा मालकी हक्क सोडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. भाऊबंदकीत वीतभर बांधासाठी डोकी फुटतात. अब्जाधीश निम्मी संपत्ती देतो, तेव्हा उरलेली निम्मीही त्याच्या सात पिढ्यांना पुरते. मेंढ्यातल्या माणसाकडे जी काही दोन-चार एकर होती, तीच त्यानं दिली. जागतिक दानशूरांच्या याद्या करणाऱ्यांना हे नाव कधी दिसलं नसेल, कारण त्यात चेक नाही.

अर्थात, व्यवस्था बदलली की ती कायमची बदलली असं नसतं. दारूचा अनुभव तेच सांगतो. गडचिरोलीत लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामींच्या 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदीनं दारू थांबते की चोरवाटेनं वाहते, यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. पण गडचिरोलीत बंदी टिकली, यामागे बंदीनंतरही चालू राहिलेलं गावागावांतलं काम आहे, असं मला वाटतं. २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि 'सर्च' यांचं 'मुक्तिपथ' हे अभियान त्यातलंच.

आता पैशाकडे वळू, कारण त्याच्या वाटा गेल्या दहा-बारा वर्षांत बदलल्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. चंद्रपूर म्हणजे कोळसा, सिमेंट आणि औष्णिक वीज. गडचिरोलीत एटापल्लीच्या सुरजागडवर लोहखनिज. पैसा कमी नाही. पण हा पैसा मोजता येईल अशा वस्तूंकडे धावतो: रुग्णवाहिका, दप्तरं, शिलाई यंत्रं, पाण्याच्या टाक्या. वस्तू वाईट नाहीत. ज्याच्या पोराला रात्री दोन वाजता रुग्णवाहिका मिळाली त्याला विचारावं. फक्त ज्या डोंगराखाली खनिज आहे, त्या डोंगरावर ग्रामसभेचा हक्क कुठवर, हा प्रश्न गावानं विचारायला शिकावं यासाठी खाणीच्या नफ्यातून कुणी पैसा देणार नाही, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

परदेशी पैशाचा मार्गही अरुंद झाला. २०२० च्या सप्टेंबरात परकीय देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, परदेशी देणगी घ्यायचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडणं भाग पडलं आणि एका संस्थेनं दुसरीला त्यातून पुढे निधी देण्यावर बंदी आली. ही तिसरी अट वनजिल्ह्यांना सर्वांत झोंबते. अशा मुलखात मोठी संस्था पैसा आणते आणि चार माणसांची छोटी संस्था गावात काम करते, ही जुनी रीत. ती साखळीच तुटली. कायद्यामागचा संशय सरकारला खरा वाटत असेल; भुर्दंड मात्र ज्यांना दिल्लीतलं खातं कधी लागलंच नव्हतं त्यांना बसला.

मग आज ग्रामसभेला लागतं तरी काय? तेंदूचा हंगाम पाहा. उन्हाळ्यात पहाटे निघून पानं तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून द्यायचा. असे हजार पुडे म्हणजे एक गोणी. पूर्वी हा सगळा व्यवहार वनखातं आणि कंत्राटदार यांच्यात व्हायचा. आता गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, कोरचीसारख्या तालुक्यात तर महाग्रामसभा करून एकत्र भाव मागतात. कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेनं आरोग्यापासून सुरुवात करून गावांना याच हक्कांपर्यंत साथ दिली. पण लिलाव झाला की पुढे पॅन कार्ड, लेखापरीक्षण, तेंदूवरचा जीएसटी, कंत्राटदारानं पैसे बुडवले तर वकील. त्यातच जंगलाचा व्यवस्थापन आराखडा हवा, त्यासाठी नकाशे हवेत.

या कामाला लागतो एक हिशेबनीस, जो गावोगाव फिरून वह्या नीट लावील, तालुक्याला बसणारा एक वकील आणि नकाशा वाचायला शिकवणारा एखादा पोरगा. पाच-सहा वर्षं त्यांचा पगार कुणी तरी द्यायला हवा. या खर्चाला कोनशिला लागत नाही, त्याचा फोटोही निघत नाही. आणि त्या हिशेबनिसाची नेमणूक ग्रामसभेच्या ठरावानं व्हायला हवी. देणगीदाराच्या कार्यालयातून आलेला माणूस वही लावील, पण ती त्याच्याच कार्यालयाला दाखवील.