मालमोटारवाल्याचे बिनतारी यंत्र



अमेरिकेतील वायोमिंग संस्थानातून जाणारा आय-८० हा महामार्ग हिवाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. लॅरमी आणि रॉलिन्स या दोन गावांमधला त्याचा पट्टा तर वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जमिनीवर पडलेले हिम वारा उचलून घेतो आणि पाहता पाहता समोरची गाडी दिसेनाशी होते. अशा वेळी पुढे एखादी मालमोटार आडवी झाली असेल, तर मागून येणाऱ्याला ते सांगायचे कोणी? ३६ टनांची भरलेली गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने येत असते. कोरड्या रस्त्यावरसुद्धा तिला थांबायला दीडशे मीटरच्या आसपास जागा लागते. बर्फावरचा हिशेब न केलेला बरा. पुढच्याचा शब्द ५ किलोमीटर मागे पोहोचला, तर मागच्याच्या हाती ३ मिनिटे येतात. या ३ मिनिटांसाठी तिकडचा चालक आपल्या केबिनमध्ये जे बिनतारी यंत्र बसवतो, ते कसे निवडावे, हा आमचा आजचा विषय आहे.

विषय दूरचा वाटेल. पण मोटार कामगारांच्या चळवळीत ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हाला या यंत्राचे कुतूहल वाटण्याचे एक कारण आहे, ते आधी सांगतो. १९५८ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य नागरिकांच्या बोलण्यासाठी मोकळा केला. त्यालाच ‘सिटिझन्स बँड’ किंवा नुसते सी. बी. म्हणतात. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल महागले, ते मिळेनासे झाले, आणि १९७४ च्या आरंभी सबंध देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. ज्याची गाडी स्वतःची पण कर्ज सावकाराचे, आणि ज्याला मजुरी मैलावर मिळते, असा चालक या तिन्हींत भरडला गेला. डिसेंबर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात याच आय-८० वर ‘रिव्हर रॅट’ या बिनतारी टोपणनावाच्या एका चालकाने आपली गाडी रस्त्यातच उभी केली आणि यंत्रावरून इतरांना हाक दिली. रस्ता अडला, आणि हे लोण इतर संस्थानांत पसरले. या माणसांना ना कचेरी होती, ना वर्गणीचे पुस्तक. एक द्वारसभा भरवायची तर आम्हाला आठ दिवस आधी पत्रके छापावी लागत; त्यांनी ते काम एका संध्याकाळीत केले! त्या काळी २३ चॅनेल होते. १ जानेवारी १९७७ पासून ते ४० झाले, आणि १९८३ साली परवान्याची अटही गेली.

आता यंत्राकडे वळू. दुकानात गेलेल्या चालकापुढे दोन प्रकार येतात. एक साधे, ए. एम. पद्धतीचे. दुसरे थोडे महाग, त्यावर ‘एस. एस. बी.’ म्हणजे सिंगल साइडबँड ही अक्षरे असतात. आपण त्याला ‘एकपट्टी’ म्हणू.

साध्या यंत्रातून आपला आवाज एका वाहक लहरीवर बसून जातो. या लहरीच्या दोन्ही अंगांना आवाजाचा एकेक पट्टा तयार होतो, आणि गंमत अशी की दोन्ही पट्ट्यांत मजकूर अगदी एकच असतो. एकाच पत्राच्या दोन नकला करून त्या बैलगाडीत घालून पाठवाव्यात, तसा हा प्रकार आहे. पत्राचे वजन ते काय? सगळा चारा बैलांना जातो. आकड्यांत सांगायचे तर कायद्याने वाहक लहरीला ४ वॉटची मर्यादा आहे. पूर्ण जोराने बोलले तरी प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला फार तर १ वॉट येतो. एकूण ६ वॉटांतले ४ वॉट, म्हणजे दोन तृतीयांश शक्ती, एकही शब्द न सांगता खर्ची पडते.

ए. टी. अँड टी. कंपनीतले जॉन कार्सन यांनी १९१५ सालीच ओळखले होते की गाडी आणि एक नक्कल, दोन्ही घरीच ठेवता येतील. १९२७ साली न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामध्ये पहिली बिनतारी टेलिफोन सेवा सुरू झाली, ती याच तत्त्वावर. एकपट्टीत फक्त एक पट्टा हवेत जातो, आणि सारी शक्ती त्याला मिळते. कायदा येथे शिखरशक्ती १२ वॉटपर्यंत जाऊ देतो. शिवाय जागा निम्मीच लागते, आणि दोन वाहक लहरी एकमेकींवर आदळून कानात जी शीळ घुमते तीही नाहीशी होते, कारण वाहक लहरच नसते. याने पल्ला काही बारापट होत नाही. टेकडी आड आली की एकपट्टीही अडते. पण मोकळ्या माळावर दीडपट, कधी दुप्पट अंतरावर बोलणे समजते, आणि दूरच्या माणसाचे जे शब्द साध्या यंत्रावर खरखरीत बुडतात ते एकपट्टीवर पुष्कळदा उचलता येतात.

मात्र घरी ठेवलेली गाडी ऐकणाऱ्याने आपल्या यंत्रात पुन्हा जोडून घ्यावी लागते, आणि ती नेमक्या जागी जोडावी लागते. जरा हुकली की मोठ्या माणसाचा आवाज चित्रपटातल्या बदकासारखा होतो. तो सुधारण्यासाठी यंत्रावर ‘क्लॅरिफायर’ नावाची खुंटी असते. ही खुंटी दुकानात हाताने फिरवून पाहावी. ती फार बारीक असेल, किंवा हातमोजा घालून फिरत नसेल, तर त्या यंत्राची बाकी स्तुती ऐकत बसू नये. धावत्या गाडीत डोळे रस्त्यावर असतात. बोटांनाच सगळे कळले पाहिजे.

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग एकपट्टीच घ्यावी, त्यात विचार कसला? विचार आहे, आणि तो या विषयाच्या गाभ्यातला आहे. एकपट्टीवर बोललेले साध्या यंत्राला कळत नाही. त्याला नुसती घुरघुर ऐकू येते. अमेरिकेतले मालमोटारवाले १९ व्या चॅनेलवर असतात, आणि तेथे ए. एम. चालते. एकपट्टीवाले रूढीने ३६ ते ४० या चॅनेलांवर, बहुधा खालच्या पट्ट्यावर, जमतात. हाक मारायची ती ३८ वर. म्हणजे वायोमिंगच्या त्या हिमवादळात अनोळखी माणसाची जी सूचना जीव वाचवील, ती साध्या ए. एम. वरूनच येणार. जो फक्त रस्त्याची खबर घेण्यासाठी यंत्र घेतो, त्याने एकपट्टीवर पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोब्रा २९ सारखे साधे यंत्र त्याला पुरते. परंतु दोन भाऊ दोन गाड्या घेऊन एका मार्गाने जात असतील, किंवा एखाद्या लहान पेढीच्या चार गाड्या नेवाड्याच्या ओसाड मुलखातून जात असतील, जेथे मोबाइल टेलिफोन मुका होतो, तर एकपट्टीसारखी सोय नाही. अट एकच: सगळ्यांकडे ती हवी आणि कोणत्या चॅनेलवर, कोणत्या पट्ट्यावर भेटायचे ते निघण्यापूर्वी ठरलेले हवे. एकट्याने एकपट्टी घेणे म्हणजे गावात एकानेच टेलिफोन घेण्यासारखे आहे.

युनिडेन ९८०, प्रेसिडेंट मॅकिन्ले, गॅलक्सी ९५९, कोब्रा १४८ ही एकपट्टीची नावाजलेली यंत्रे, आणि या सर्वांत साधे ए. एम. असतेच. २०२१ साली तिकडे या पट्ट्यात एफ. एम. लाही मुभा मिळाली. आवाज स्वच्छ येतो, पण तेथेही समोरच्याकडे तीच सोय लागते. एंजिनाची खरखर कापणारे ‘नॉइज ब्लँकर’ मात्र चांगले आहे ना, हे गाडी चालू ठेवून तपासावे. काही दुकाने ‘दहा मीटरचे’ म्हणून जास्त शक्तीची यंत्रे, किंवा शक्ती वाढवणारी जोडयंत्रे पुढे करतात. सी. बी. वर ती वापरणे बेकायदा आहे. आणि मोठ्याने ओरडणाऱ्याला ऐकू जास्त येते असेही नाही.

खरा पैसा आणि खरी मेहनत एरियलवर घालावी. येथेच बहुतेक जण फसतात. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटरची काठी हे तिचे खरे माप. पण तिकडच्या उंच मालमोटारी आधीच साडेतेरा फुटांच्या असतात, त्यावर एवढी काठी कोठल्या पुलाखालून जाईल? म्हणून चालक आरशाच्या दांड्यावर चार फुटांची फायबरग्लासची काठी लावतात. काठीचा बराचसा भाग टपाच्या वर राहील असे पाहावे. दोन आरशांवर दोन काठ्या लावण्याची तऱ्हा दिसायला ऐटबाज असते. पण त्यांच्यात सुमारे नऊ फुटांचे अंतर पाहिजे आणि केबिन त्याहून अरुंद. आम्ही तर एकच काठी नीट बसवा म्हणू. तिच्या बैठकीला पक्का बॉडी अर्थ मिळाला पाहिजे. रंगावर रंग चढलेल्या दांड्यावर तो मिळत नाही, कानस घेऊन लोखंड उघडे करावे लागते. केबिन फायबरची असेल तर अर्थाची वेगळी तजवीज लागते.

काठी बसली की एस. डब्ल्यू. आर. मीटर लावून १ ल्या आणि ४० व्या चॅनेलवर माप घ्यावे. दीडच्या आत असेल तर उत्तम. तीनच्या वर गेले तर यंत्राच्या पोटातले भाग जळण्याची भीती. १ ल्या चॅनेलवर आकडा जास्त असेल तर काठी आखूड आहे, ४० व्यावर जास्त असेल तर लांब आहे. हे काम वाहनतळाच्या कोपऱ्यात, दारे लावून, आसपास दुसरी गाडी नसताना करावे.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्यावी; सिगारेट पेटवण्याच्या खोबणीतून घेतली की खरखर सोबत येते. तिकडच्या मालमोटारी १२ व्होल्टच्या, आणि बहुतेक यंत्रेही तशीच. आपल्याकडच्या पुष्कळ जड गाड्या २४ व्होल्टच्या असतात. त्यांवर ही यंत्रे सरळ जोडली तर धूर निघेल. शिवाय आपल्या २००५ सालच्या नियमांनी या पट्ट्यात ५ वॉटपर्यंतच्याच यंत्रांना परवान्याची माफी दिली आहे. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणाचा नातेवाईक परदेशातून असे १२ वॉटचे यंत्र आणू म्हणत असेल, तर त्याला आधी हे सांगावे.

पहिल्याच फेरीला निघताना १९ व्या चॅनेलवर ‘रेडिओ चेक’ मागण्याची तिकडे पद्धत आहे. कोणीतरी उत्तर देतोच. त्याने ‘छान ऐकू येते’ म्हटले की समाधान मानू नये. तो कोणत्या मैलाच्या खुणेपाशी आहे ते विचारावे, आणि आपली खूण वजा करावी. असे चार-सहा वेळा, डोंगरात एकदा आणि माळावर एकदा केले, म्हणजे आपल्या यंत्राचा पल्ला किती मैल आणि आपल्या मागच्याला आपण किती मिनिटे देऊ शकतो, हे वहीत लिहून ठेवता येते.