गंज झाकू नका, काढा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी मोटार आता बनत नाही. पण राहात्याकडे कुणाच्या पडवीत एखादी उभी असेल, तर ती घरच्या घरी दुरुस्त करता येते.

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज चढतो. आपल्या काळ्या रानातला चिखल दाराखालच्या पोकळीत बसतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून सडतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंगच सारा भार पेलते. तेव्हा वरून पुट्टी थापून रंग देणे म्हणजे कुजलेल्या वाशाला गेरू फासणे!

पेचकसाने टोचून पाहा. ठिसूळ लागेल तेवढा पत्रा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत, कापून काढा. त्याआधी बॅटरीची तार सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा आणि गाडीला खालून भक्कम टेकू द्या. नाहीतर अंग वाकते. दार नीट लागते ना, हे पाहूनच तितक्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडा. मग प्राइमर, त्यावर रंग. पाणी निचरायची भोके मात्र बुजवू नका. शेवटी त्या पत्र्याच्या भरवशावर घरचीच माणसे बसायची आहेत.