वेस्टर्न ब्लॉट : विशिष्ट प्रथिनाचा शोध आणि निदानाची खातरजमा

रक्ताची प्राथमिक चाचणी एचआयव्हीचा संसर्ग दर्शविते, एवढ्यावरून ती व्यक्ती बाधित आहेच असे ठरत नाही. समजा, १ लाख व्यक्तींची तपासणी केली आणि त्यांपैकी २०० जण खरोखर बाधित आहेत. वापरलेली चाचणी बाधा नसलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ९९ टक्के वेळा अचूक उत्तर देते. म्हणजे अशा ९९,८०० व्यक्तींपैकी ९९८ जणांना ती चुकीने बाधित ठरवील. सर्व २०० बाधित सापडले असे मानले, तरी एकूण १,१९८ जणांपैकी सुमारे पाच-षष्ठांश व्यक्तींच्या माथी नसलेला आजार मारला जाईल. म्हणूनच दुसऱ्या, अधिक काटेकोर चाचणीची गरज भासते. अनेक वर्षे ही जबाबदारी वेस्टर्न ब्लॉट या तंत्राने सांभाळली.

एलायझासारख्या चाचणीत विषाणूची प्रथिने एकत्रितपणे वापरलेली असतात. रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्यांना चिकटली की रंग उमटतो. परंतु ती नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटली, हे कळत नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिने आधी वेगळी केली जातात. त्यांच्यावर सोडियम डोडेसिल सल्फेट या रसायनाची प्रक्रिया केल्याने त्यांच्या घड्या उलगडतात व त्यांना आकारमानाच्या प्रमाणात ऋण विद्युतभार प्राप्त होतो. नंतर पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलमधून विद्युतप्रवाह सोडला असता लहान प्रथिने वेगाने पुढे सरकतात, मोठी मागे रेंगाळतात. जेल नाजूक असते आणि प्रतिपिंडे त्यात सहज शिरत नाहीत. त्यामुळे विद्युतप्रवाहाच्याच साहाय्याने प्रथिने नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पटलावर जशीच्या तशी उतरवून घेतात. टीपकागदाने शाई टिपावी तसे हे टिपणे. 'ब्लॉट' हे नाव त्यावरूनच आले. पटलाच्या मोकळ्या जागांवर प्रतिपिंडे उगाच चिकटू नयेत म्हणून त्या दुसऱ्या प्रथिनाने भरून टाकतात. त्यासाठी साय काढलेल्या दुधाची साधी भुकटीही चालते! शेवटी शोधावयाच्या प्रथिनाशीच जुळणारे प्रतिपिंड व त्याला ओळखणारे, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड सोडले की त्या प्रथिनाच्या जागी पट्टा उमटतो. पट्ट्याच्या स्थानावरून रेणुभार आणि प्रतिपिंडावरून ओळख, असे दोन स्वतंत्र पुरावे एकाच वेळी हाती येतात. या तंत्राचे सारे बळ यातच आहे.

नावांच्या बाबतीत परीक्षार्थींचा हमखास गोंधळ होतो. 'सदर्न' ही मुळात दिशा नव्हे. एडविन सदर्न या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये डीएनएसाठी हे तंत्र मांडले, म्हणून ते सदर्न ब्लॉट. आरएनएसाठीच्या १९७७ मधील तंत्राला गमतीने 'नॉर्दर्न' म्हटले गेले. प्रथिनांचे तंत्र हॅरी टोबिन व सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. 'वेस्टर्न' हे नाव मात्र १९८१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल येथे काम करणाऱ्या नील बर्नेट यांनी दिले.

एचआयव्हीच्या चाचणीत हीच पद्धत उलट दिशेने वापरतात. पटलावर विषाणूची ज्ञात प्रथिने असतात आणि शोध घ्यायचा असतो रुग्णाच्या प्रतिपिंडांचा. पी-२४, जीपी-४१ आणि जीपी-१२०/१६० यांपैकी किमान दोन पट्टे उमटल्यास निष्कर्ष होकारार्थी, हा अमेरिकेत रूढ झालेला निकष होता. एकही पट्टा न उमटल्यास निष्कर्ष नकारार्थी. पण एकच पट्टा उमटला तर? अहवालावर 'अनिश्चित' असा शेरा पडे आणि रुग्णाला काही आठवडे टांगणीला लागून राहावे लागे.

पुढे नव्या चाचण्या संसर्गानंतर लवकर उत्तर देऊ लागल्या. त्यांतील काही तर विषाणूचे पी-२४ हे प्रथिनच थेट ओळखतात. त्यामुळे खातरजमेची चाचणीच प्राथमिक चाचणीच्या मागे पडू लागली. शिवाय एचआयव्ही-२ चा संसर्ग एचआयव्ही-१ म्हणून नोंदला जाण्याचा धोका होता. अमेरिकेने २०१४ मध्ये आपल्या शिफारशींतून हे तंत्र वगळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये एचआयव्ही निदानासाठी त्याचा वापर थांबविण्याची शिफारस केली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पद्धतीत लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान तीन निरनिराळ्या चाचण्यांच्या आधारे केले जाते. या चाचण्यांतील प्रतिजन किंवा कार्यतत्त्व वेगवेगळे असावे लागते, कारण एकाच प्रकारची चाचणी तीनदा केली तर चूकही तीनदा होण्याचा संभव असतो.

याचा अर्थ वेस्टर्न ब्लॉट कालबाह्य झाले असा नव्हे. संशोधनशाळांत ते आजही नित्याचे आहे आणि काही आजारांत त्याने मिळणारी माहिती मोलाची ठरते. स्नायूंमधील डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचा रेणुभार ४२७ किलोडाल्टन असतो. ड्यूशेन स्नायुक्षयात स्नायूच्या नमुन्यात त्याचा पट्टा जवळजवळ दिसतच नाही; तुलनेने सौम्य अशा बेकर स्नायुक्षयात तो दिसतो, पण फिकट किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या जागी. प्रथिन तयारच होत नाही की तोकडे तयार होते, हा फरक एका पटलावर डोळ्यांना दिसतो.